बिनतिथीचं उधाण

फिलिपिन्समध्ये ताक्लोबान नावाचं बंदराचं शहर आहे. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी तिथे हैयान नावाचं चक्रीवादळ धडकलं. वादळ येणार हे माहीत होतं, कधी येणार हेही माहीत होतं. समुद्राचं पाणी सात मीटरपर्यंत चढू शकतं, असा इशाराही तिथल्या हवामान खात्याने आधी दिला होता. तरीही त्या वादळात सहा हजारांहून अधिक माणसं दगावली, आणि त्यातली कितीतरी बुडून. वाचलेल्या लोकांनी पुढे जे सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. इशाऱ्यात 'स्टॉर्म सर्ज' असा शब्द होता आणि तो आपल्याला कळलाच नाही, असं अनेकांचं म्हणणं पडलं. वादळ म्हणजे वारा आणि पाऊस, असं समजून लोक दारं लावून घरात बसले. त्सुनामी येते आहे असं म्हटलं असतं तर आम्ही पळालो असतो, असं ते म्हणत होते.

मी काही हवामानाचा अभ्यासक नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहितो, आणि समुद्राशी माझं नातं म्हणाल तर खाडीकाठच्या घरात जन्मलो एवढंच. पण काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या संकटांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका लहानशा गटाने मला बोलावून घेतलं. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या खाडीवरच्या चार गावांसाठी इशाऱ्याचे कागद तयार करायचे होते. आकडे त्यांच्याकडे होते, शब्द हवे होते. त्या निमित्ताने ही मंडळी नेमकं काय काम करतात ते जवळून पाहता आलं. वर्तमानपत्रात उपग्रहाने टिपलेलं चित्र येतं, त्यात ढगांचा भोवरा दिसतो. तो भोवरा एखाद्या घराच्या उंबऱ्याशी काय करील, हे आधी सांगता यावं यासाठी काही माणसं वर्षानुवर्षं चिखल तुडवत असतात. त्यांच्याबद्दल आज बोलायचं आहे.

आधी या स्टॉर्म सर्जचं पाहू. चक्रीवादळात हवेचा दाब कमी होतो. दाब एक मिलिबार उतरला की समुद्राचं पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर उचललं जातं. पण हा भाग लहान. खरं काम वारा करतो. तो तासन् तास एकाच दिशेने पाणी रेटत राहतो. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ होतो आणि रेटलेल्या पाण्याला परत फिरायला जागा उरत नाही. मग ते चढतं. ही लाट नव्हे. लाट येते आणि जाते. हे पाणी चढतं आणि काही तास चढलेलंच राहतं, लाटा त्याच्या पाठीवरून येतात.

आता यातली मेख पाहा. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा हवामान खात्याचा अंदाज असा होता की मुंबई, ठाणे आणि रायगडात पाणी नेहमीच्या भरती-ओहोटीच्या पातळीपेक्षा एक ते दोन मीटर वर चढेल. 'नेहमीच्या पातळीपेक्षा' हे शब्द कानावरून निसटून जातात. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्यात चार मीटरहून अधिक फरक पडतो. म्हणजे पूर्ण ओहोटीला दीड मीटर पाणी चढलं तर ते पुळणीच्या निम्म्यावरही पोहोचणार नाही, आणि तेच दीड मीटर उधाणाच्या भरतीवर चढलं तर चुलीत शिरेल. केरळात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर, तिथे हा हिशेब वेगळा. तेव्हा 'दीड मीटर' या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. कोणत्या वेळी, कोणत्या तिथीला आणि कुणाच्या जोत्यापासून, हे ठरल्याशिवाय तो आकडा अर्धाच राहतो.

तिथीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्याकडे जुन्या माणसांना भरतीचं कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. रोज भरती पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, त्याचाच हा ठोकताळा. मोहल्ल्यात चाँद मोजतात, कोळीवाड्यात तिथी; समुद्र दोन्ही हिशेबांना सारखाच उत्तर देतो. गटातल्या शास्त्रज्ञ बाईंनी हा ठोकताळा वहीत उतरवून घेतला, आणि आपल्या यंत्रातल्या वेळांशी ताडून पाहून 'फारसं चुकत नाही' असं म्हणाल्या. गावात त्यांची पत वाढली ती त्या दिवशी.

या बाईंचं पहिलं वर्ष नुसतं मोजण्यात गेलं. लेव्हलचं यंत्र, उंच पट्टी, हातात पुस्तिका. प्रत्येक घराच्या जोत्याची उंची, विहिरीच्या कठड्याची, मशिदीच्या पायरीची, देवळाच्या दीपमाळेच्या चौथऱ्याची. लोक विचारायचे, रस्ता येणार आहे का? संध्याकाळी त्या कुणाच्या तरी ओटीवर बसत आणि एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत. आमचे एक चाचा आहेत, तरुणपणी गलबतावर तांडेल होते. त्यांना विचारलं, "चाचा, मोठं पाणी कधी आलं तर कुठून येतं?" संगणकातल्या नकाशावर ते समोरून, पुळणीकडून येताना दिसत होतं. चाचांनी बसल्या जागेवरून अंगठा पाठीमागे केला. "समोरून नाही बाई. तुम्ही समोर बघत उभ्या राहाल. ते मागून येतं, खाडीतून, पऱ्यात शिरून."

आणि ते बरोबरच होतं. पुळणीला वाळूची उंच वरंड आहे, सुरूची झाडं आहेत. मागची खाजण मात्र घरांपेक्षा खाली. नकाशाच्या चौकोनात पऱ्या मावला नव्हता, कारण तो जेमतेम दोन माणसांच्या रुंदीचा. पुढच्या महिन्यात बाईंनी पऱ्याची मापं घेतली आणि सगळी गणितं नव्याने मांडली. वादळात गावाचा पळायचा रस्ता त्याच पऱ्यावरच्या मोरीवरून जातो, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं.

वादळ कधीतरी येतं. पण समुद्र चढतो आहे त्याचा त्रास दररोजचा आहे, आणि तो कुठे दिसतो म्हणाल तर खारबंदिस्तीच्या उघाडीत. शहरातल्या वाचकांसाठी जरा सविस्तर सांगतो. पेण-अलिबागपासून खाली आमच्यापर्यंत खाडीकाठची कितीतरी भातशेती भरतीच्या पातळीच्या खाली आहे. मातीचा बांध घालून ती समुद्राकडून मिळवलेली. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बांधात उघाडी ठेवतात. तिच्या झडपा अशा बसवलेल्या असतात की भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा त्या आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. माझ्या मते कोकणात आजवर झालेल्या यंत्रांपैकी इतकं शहाणं यंत्र दुसरं नाही.

पण ते चालतं कशावर? बाहेरचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा खाली असण्यावर. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण साडेबारा तास, त्यातले काही तासच उघाडी उघडी असते. बाहेरची पातळी चार बोटं वर सरकली की उघाडी उशिरा उघडते आणि लवकर मिटते. तेवढ्या वेळात शेतातलं पाणी निघत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस. भाताची रोपं पाण्यात उभी राहून कुजतात, आणि शेतकरी म्हणतो की यंदा पाऊस फार झाला. पाऊस झालेलाच असतो, त्याची जायची वाट आखडलेली असते. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरतीने गटारांची तोंडं बंद केली होती. ती हीच गोष्ट, मोठ्या मापाची.

समुद्र किती चढला? जगाची सरासरी घेतली तर १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर. उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१७ या वर्षांत दरसाल सरासरी ३.३ मिलिमीटर. ऐकायला काहीच वाटत नाही. तीस वर्षं त्याच गतीने गेली तर दहा सेंटिमीटर होतात, म्हणजे तीच ती चार-पाच बोटं. हे सांगता येतं याला कारण मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८पासून भरती मोजली जाते आहे. हिंदी महासागरात इतकी जुनी नोंद दुसरी नाही. ती काठी पहिल्यांदा रोवणाऱ्यांच्या मनात बंदरात शिरणाऱ्या जहाजांची काळजी होती, आपल्या भाताची नव्हे. पण नोंद ठेवली, ती उपयोगी पडली.

बांध फुटून खांड गेली की मात्र सगळंच बदलतं. खारं पाणी शेतात बसतं आणि पुढची दोन-तीन वर्षं पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत पीक धड येत नाही. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खार सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत, 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' अशा साध्या नावांच्या. हेही शास्त्रज्ञांचंच काम. त्याचं छायाचित्र कधी पहिल्या पानावर येत नाही.

आता वादळांकडे येऊ. अरबी समुद्र शांत, वादळं ती बंगालच्या उपसागरात, अशी आपली समजूत होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली जुन्या नोंदी तपासल्या. १९८२ ते २००० या वर्षांच्या तुलनेत २००१ ते २०१९ या वर्षांत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली; बंगालच्या उपसागरात ती थोडी घटली होती. वादळाला साडेसव्वीस अंशांच्या वरचं ऊन पाणी लागतं, आणि अरबी समुद्र तापत चालला आहे. नोव्हेंबर २००९चं 'फयान' आमच्याकडच्या लोकांच्या अजून लक्षात आहे, ते समुद्रात असलेल्या आणि परत न आलेल्या मच्छीमारांमुळे. २०१७च्या 'ओखी'त केरळ आणि तामिळनाडूच्या कितीतरी नौका वाहत, भरकटत देवगड बंदराच्या आसऱ्याला आल्या. जमिनीवर इशारा असूनही खोल समुद्रात तो पोहोचत नाही, हे दोन्ही वेळा दिसलं. त्यानंतर उपग्रहावरून थेट बोटीवर संदेश देणारी यंत्रं निघाली.

निसर्गमध्ये श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांत रोठा सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडली. सुपारी लावल्यापासून उत्पन्न हाती यायला सहा-सात वर्षं जातात. भरपाईच्या कागदावर झाडाची किंमत असते, त्या वर्षांची नसते. असो.

इशारा खरा ठरूनही लोक हलत का नाहीत, हा प्रश्न शास्त्रज्ञांना छळतो. माझ्या मते निम्मं उत्तर भाषेत आहे. आपल्या बातम्यांत 'समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' हे वाक्य पावसाळाभर ऐकू येतं. शंभर वेळा ऐकलेलं वाक्य एकशे एकाव्या वेळी कानात शिरत नाही, मग ते कितीही खरं असो. आणि घरी बसणं फुकट नसतं. डिझेल भरलेलं, बर्फ घेतलेला, खलाशांची मजुरी अंगावर. वादळ दुसरीकडे वळलं तर हा सगळा खर्च मच्छीमाराचा. इशारा देणाऱ्याचं काही जात नाही.

म्हणून विश्वास हा रोजच्या व्यवहारातून कमवावा लागतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे ते मच्छीमारांना त्यांच्या भाषेत कळवते, आणि लाटांचा इशाराही तीच देते. ज्याने बांगडा दाखवला त्याने धोका दाखवला तर माणूस ऐकतो. केरळातले मच्छीमार एका प्रकारच्या उधाणाला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. वारा नाही, पाऊस नाही, आभाळ स्वच्छ, आणि पाणी घरात. हजारो किलोमीटर दक्षिणेला झालेल्या वादळांच्या लाटा तिथवर येऊन पोहोचतात. हा शब्द युनेस्कोने २०१२ साली शास्त्रीय वापरासाठी स्वीकारला आणि आता इशाऱ्यातही तोच असतो. मला याचा फार आनंद आहे. मच्छीमारांच्या तोंडचा शब्द शास्त्राच्या वहीत जाऊन बसला, असं रोज घडत नाही.

बांगलादेशाचं उदाहरण आणखी शिकवणारं. १२ नोव्हेंबर १९७०च्या वादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. १९७२ साली त्यांनी गावोगाव स्वयंसेवक उभे केले; हातात भोंगा, काठीवर झेंडा. एक झेंडा, दोन झेंडे, तीन झेंडे. वाचता न येणाऱ्यालाही कळावं. आज असे सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत. पण १९९१च्या वादळातही तिथे लाखावर माणसं मेली. निवारे कमी होते, आणि होते तिथेही बायका जायला तयार नसत. परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र कशी काढायची, संडासाचं काय, दावणीच्या गाईचं काय? गुरांसाठी उंच मातीचे ढिगारे बांधणं, बायकांसाठी वेगळी सोय करणं, स्वयंसेवकांत बायका घेणं, हे सगळं वादळाच्या शास्त्राचाच भाग आहे असं मानलं गेलं, तेव्हा आकडा खाली आला. आपल्या ओडिशानेही हे करून दाखवलं. १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली होती. २०१३च्या 'फायलिन'च्या आधी जवळजवळ दहा लाख लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या काही दहांतच राहिली. १९९९च्या त्याच वादळाचा केंद्रपाडा जिल्ह्यात अभ्यास झाला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये कांदळवनाचा रुंद पट्टा होता, तिथे माणसं कमी मेली होती.

कांदळवन म्हटलं की आपल्याकडे लगेच धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची गोष्ट निघते. दगड दिसतात, उद्घाटन करता येतं. कांदळ चिखलात वाढतो, त्याला नारळ कुठे फोडणार? बंधारा कधी कधी लागतोही. पण किनाऱ्याने वाळू सतत सरकत असते; एका गावासमोर ती अडवली की पुढच्या गावाची पुळण उपाशी राहते. बाईंनी हे ग्रामसभेत सांगितलं, तेव्हा एकजण म्हणाला, "मग पुढच्या गावानेही बांधावा." त्यांनी शांतपणे फळ्यावर किनारा काढला आणि विचारलं, शेवटच्या गावाचं काय? सभा बराच वेळ त्याच प्रश्नावर घुटमळली आणि ठराव काही झाला नाही.

त्याच सभेत चाचांनी विचारलं, "आम्हाला इथून कायमचं उठावं लागणार का?" कब्रस्तान खाडीच्या बाजूला आहे, त्यांच्या बायकोची कबर तिथे. बाईंनी धीर देणारं काही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "चाचा, तुमच्या हयातीत नाही. नातवाने नवं घर बांधायला काढलं, तर ते वरच्या अंगाला बांधू दे." चाचांनी मान हलवली. पुढे त्यांच्या नातवाने जागा वरच्या अंगाला घेतली, आणि ती महाग पडली.

शब्दांचं काम शेवटी आलं. स्टॉर्म सर्जला काय म्हणायचं? 'वादळी लाट' म्हणावं, तर लाट म्हणजे आली आणि गेली. मी 'वादळाची भरती' सुचवलं. बाई म्हणाल्या, भरती चंद्राची, ही वाऱ्याची; ओहोटीच्या वेळीसुद्धा येऊ शकते, लोक भरतीची वेळ बघून निर्धास्त राहतील. त्यांचं खरं होतं. दोन बैठका यात गेल्या. तिसऱ्या बैठकीला कोळीवाड्यातल्या एक आजी सुपारी कातरत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे बिनतिथीचं उधाण की." सगळे गप्प झाले. माझ्या पंचवीस-तीस वर्षांच्या कवितेत मला असा शब्द सापडला नव्हता. उधाण पुनवेला, अवसेला येतं हे पोराटोरांना ठाऊक. तिथी नसताना आलेलं, म्हणजे समजावून सांगायचं काही उरतच नाही.

मग घराघरांच्या भिंतींवर जोत्याच्या मापाने लाल पट्टा ओढला. रंगीत तालीम झाली तेव्हा माणसं शाळेशी वेळेवर पोहोचली. शाळेला कुलूप होतं आणि किल्ली तालुक्याच्या गावी. त्यामुळे कागदात एक ओळ वाढली. कागद एका पानाचा आहे. मशिदीच्या आणि देवळाच्या भोंग्यावरून तोच वाचायचा. वेळा तेवढ्या त्या दिवशी भरायच्या. मजकूर असा:

'बिनतिथीचं उधाण येणार आहे. दुपारी …… ते …… . पाणी मागून, खाडीकडून येईल. लाल पट्ट्याच्या खाली ज्यांचं जोतं आहे त्यांनी …… वाजायच्या आत शाळेत जावं. मोरीवरून आधी म्हातारी माणसं आणि मुलं. गुरांची दावी सोडून ठेवा. वीज जाईल, मोबाइल बंद पडेल, सेलवर चालणारा रेडिओ जवळ ठेवा. वारा एकदम थांबला तर बाहेर पडू नका, तो उलट्या दिशेने पुन्हा येईल. शाळेची किल्ली दोन घरी आहे: पिंपळाशेजारच्या गिरणीत आणि मोहल्ल्यातल्या पहिल्या घरात.'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)